बी.एड.ची हजेरी आणि मुलाचे देणे

पदवी परीक्षांचे निकाल लागू लागले की धर्मग्रामातील तरुण-तरुणी वर्तणुकीच्या दाखल्यासाठी धर्मगुरूंकडे येऊ लागतात. त्यांतील बरीच मंडळी बी.एड.ला जाऊ इच्छिणारी असतात. आपल्या समाजात शिक्षकी पेशाला पूर्वापार मान आहे. घरात एक तरी शिक्षक वा शिक्षिका असावी, ही अनेक आईवडिलांची मनोमन इच्छा असते. ही इच्छा चांगलीच आहे. मात्र गेली काही वर्षे तिच्या जोडीने एक निराळीच माहिती आमच्या कानांवर येऊ लागली आहे. महाविद्यालय दूरच्या जिल्ह्यात असते. तेथे रोज जावे लागत नाही. ठरलेली रक्कम भरली की हजेरी परस्पर लागते, सराव पाठांच्या वह्या तयार मिळतात आणि विद्यार्थ्याने केवळ परीक्षेपुरते जाऊन यायचे असते. हे सांगणाऱ्याच्या स्वरात चोरटेपणा नसतो. रेल्वेचा पास काढण्याची सोय सांगावी तितक्या सहजतेने ही सोय सांगितली जाते. आम्ही नापसंती दर्शविली, तर प्रामाणिक नवलाने विचारले जाते : “पण फादर, यात कुणाचे काय नुकसान आहे?”

प्रश्न टाळण्याजोगा नाही. विचारणारी माणसे वाईट नसतात. रविवारी मिस्साला येणारी, कष्ट करून चार पैसे गाठीला बांधणारी ती आपलीच माणसे आहेत. फी स्वतःच्या खिशातून भरलेली, परीक्षा स्वतःच दिलेली, महाविद्यालयाची संमती, विद्यापीठाची पदवी. मग अन्याय झाला तो कुणावर? ज्या पापात कुणी दुखावलेलाच दिसत नाही त्याला पाप म्हणायचे तरी कसे? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा शांतपणे विचार करू इच्छितो.

या प्रश्नाच्या पोटात खरे पाहता दोन निरनिराळी विधाने दडलेली आहेत. पहिले असे की, शिकवणे ही काही वर्गात बसून शिकण्याची गोष्ट नव्हे. शिक्षक जन्मावा लागतो, आणि म्हणून बी.एड. हा एक सरकारी सोपस्कार आहे. दुसरे असे की, सोपस्कार चुकविल्याने कुणाचे काही बिघडत नाही. पहिले विधान खरे ठरले, तर दुसरे आपोआप खरे ठरेल. म्हणून आधी पहिल्याचाच समाचार घेतला पाहिजे.

ज्याला विषय येतो त्याला तो शिकविताही येतो, ही समजूत फार जुनी आहे. शिक्षक म्हणून काम करणाऱ्याने आधी शिकविण्याचे शिक्षण घेतले पाहिजे, हा विचार त्या मानाने अलीकडचा. फ्रान्समधील रांस या नगरात संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांनी १६८५ च्या सुमारास खेड्यांतील शाळांसाठी शिक्षक घडविणारी संस्था काढली. युरोपातील या प्रकारच्या अगदी आरंभीच्या संस्थांमध्ये तिची गणना होते. दे ला साल हे सधन घराण्यातले विद्वान धर्मगुरू होते. गरिबांच्या मुलांसाठी शाळा उघडणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु त्या शाळांतून शिकवायला जे येत, ते दुसरे काही जमले नाही म्हणून आलेले असत, हे त्यांच्या लक्षात आले. शाळेची इमारत उभारण्याआधी शिक्षक उभा केला पाहिजे, हे त्यांनी ओळखले आणि त्यासाठी आपले घरदार व मानमरातब सोडला. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना समस्त शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, ते यासाठीच.

आपल्या महाराष्ट्राकडे वळले तर सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. सावित्रीबाईंनी अहमदनगर व पुणे येथील मिशनरी बाईंच्या संस्थांत शिक्षिका होण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, ही गोष्ट मात्र भाषणांतून क्वचितच सांगितली जाते. त्या काळी शिकलेली स्त्री मिळणेच दुर्मीळ होते. नुसती अक्षरओळख असलेली बाई वर्गात उभी राहिली असती, तरी कुणी तिच्याकडे प्रमाणपत्र मागितले नसते. ज्यांना कुणी विचारणार नव्हते त्यांनी प्रशिक्षण घेतले, आणि आज ज्यांना ते सक्तीचे आहे ते चुकविण्याच्या वाटा शोधतात. हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

आपल्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीचे नाव या संदर्भात घेतले नाही, तर कृतघ्नपणा होईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून प्रथम बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे वारली मुलांसाठी जे काम केले, त्याची कीर्ती देशभर पोचली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात गेली पाहिजे, या विचारातून तेथे अंगणवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मूल शाळेत का येत नाही, ते दिवसभर काय करते, त्याच्या हाताला कोणत्या वस्तूंची सवय आहे, हे जवळून पाहिल्यावाचून असला विचार सुचत नाही. ताराबाई या उच्चविद्याविभूषित होत्या. तरीही भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचे धडे घेतले आणि पुढे इतरांना घडविले. जन्मजात गुण त्यांच्या ठायी नव्हते, असे कोण म्हणेल? परंतु त्या गुणांवर त्यांनी भिस्त ठेवली नाही.

येथे कुणी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक एक बिकट शंका काढील, आणि ती काढणाऱ्याच्या पाठीशी संत ऑगस्टीन यांच्यासारखा थोर पुरुष उभा आहे. इसवी सन ३८९ च्या सुमारास, आपला पुत्र आदेओदातुस याच्याशी झालेल्या संवादाच्या रूपाने त्यांनी ‘शिक्षक’ या विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांचे म्हणणे असे की, कोणताही माणूस दुसऱ्याला नुसत्या शब्दांनी ज्ञान देऊ शकत नाही. शब्द बाहेरून येतात. ते खरे की खोटे हे शिकणारा आपल्या अंतरंगातील प्रकाशात पडताळून पाहतो. खरा शिक्षक आत आहे. हे मान्य केले, तर बाहेरच्या शिक्षकाला करण्यासारखे काय उरते? आणि ज्याला काही देताच येत नाही त्याने देण्याचे प्रशिक्षण कशाला घ्यावे?

या शंकेला तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी उत्तर दिले. गुरुविद्यालयात आम्ही ते प्रथम अभ्यासले, तेव्हा ते केवळ परीक्षेचे एक टिपण वाटले होते. आज त्याचे मोल अधिक कळते. थॉमस म्हणतात की, शिक्षकाची तुलना वैद्याशी करावी. रोगी बरा होतो तो मुळात आपल्या शरीराच्या शक्तीने. वैद्य आरोग्य बाहेरून आणून ओतीत नाही. तो त्या शक्तीला साहाय्य करतो, तिच्या वाटेतले अडथळे दूर करतो. त्याचप्रमाणे मूल शिकते ते स्वतःच्या बुद्धीने, आणि शिक्षक त्या बुद्धीला हात देतो. या उत्तराने ऑगस्टीन यांचेही म्हणणे शाबूत राहते आणि शिक्षकालाही काम उरते. किंबहुना ते काम पूर्वीपेक्षा अवघड होऊन बसते. मडक्यात पाणी ओतायचे असते, तर नेम धरला की पुरे. येथे मडके जिवंत आहे, आणि त्याच्या आत काय चालले आहे हे पाहिल्यावाचून शिक्षकाला बोटही उचलता येत नाही.

आतले पाहणे कसे, ते एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पाचवी-सहावीतील मुलाला एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज करायला सांगितली, तर पुष्कळ मुले दोन पंचमांश असे उत्तर लिहितात. वरच्या अंकांत वरचे मिळवले, खालच्यांत खालचे. गणित येणारा माणूस हे पाहून म्हणेल, “चूक!” आणि लाल रेघ ओढील. शिकविण्याचे शिक्षण घेतलेला माणूस क्षणभर थांबेल. या मुलाने अंदाजपंचे काही लिहिलेले नाही, पूर्णांकांच्या बेरजेचा नियम त्याने येथे लावला आहे, हे त्याला दिसेल. मग तो विचारील, “बाळ, तुझ्या ताटात अर्धी भाकरी आहे. आईने तिच्यात आणखी एक तृतीयांश भाकरी वाढली. आता तुझ्याकडे अर्ध्याहून जास्त भाकरी झाली की कमी?” मूल म्हणेल, जास्त. “आणि दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?” मूल कागदाच्या पट्टीचे पाच भाग करील, त्यांतले दोन मोजील आणि स्वतःच चमकेल. चूक मुलाने स्वतः पकडली. अक्वायनस ज्याला साहाय्य म्हणतात ते हेच. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक ली शुलमन यांनी १९८६ साली या ज्ञानाला स्वतंत्र नाव देऊन ते विषयाच्या ज्ञानाहून व सामान्य अध्यापनशास्त्राहून वेगळे काढून दाखविले. विषय कळणे ही एक गोष्ट, आणि तो विषय मुलाच्या मनात कोठे अडखळतो हे कळणे ही दुसरी.

भाषेचेही असेच आहे. आपल्या वसई परिसरात घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारी मुले आहेत. डोंगरपट्टीत वारली बोलणारी आहेत. असे मूल वर्गात पहिल्यांदा तोंड उघडते ते घरच्या बोलीत. त्या क्षणी शिक्षक हसला, तर ते मूल पुढे वर्षभर तोंड उघडत नाही. ‘तुमच्या घरी याला असे म्हणतात, पुस्तकात असे म्हणतात,’ असे सांगून दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर त्याच मुलाला एकाऐवजी दोन शब्द मिळतात. यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. परंतु हे कुणीतरी एकदा दाखवून द्यावे लागते, आणि आपण हसलो तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ते टिपून घ्यावे लागते.

अध्यापक महाविद्यालयाचे खरे काम ते हेच. ‘सूक्ष्म अध्यापन’ या नावाने बी.एड.च्या विद्यार्थ्यांना परिचित असलेली पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे निघाली. भारतात रूढ झालेल्या तिच्या आवर्तनाला छत्तीस मिनिटे लागतात. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे निरीक्षकांचे प्रत्याभरण ऐकायचे, बारा मिनिटांत पाठाची पुन्हा आखणी करायची, सहा मिनिटे पुन्हा शिकवायचे, सहा मिनिटे पुन्हा ऐकायचे. प्रश्न कसा विचारावा, फलकलेखन कसे करावे, उदाहरण कोणते द्यावे, असे एकेक कौशल्य सुटे करून घोटायचे. या छत्तीस मिनिटांचा हिशेब मांडून पाहावा. शिकविण्याला बारा मिनिटे आणि ऐकून घेऊन सुधारण्याला चोवीस. दुसऱ्यांना शिकवू पाहणाऱ्याने बोलण्याच्या दुप्पट वेळ ऐकण्यात आणि सुधारण्यात घालवावा, अशी ती योजना आहे. ती घरी बसून करता येत नाही. समोर मुले नसतील आणि मागे निरीक्षक नसेल, तर त्या वहीत काय लिहायचे?

नियमही हेच सांगतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा १९९३ चा. १९९५ पासून ही परिषद काम करू लागली. तिच्या २०१४ च्या नियमावलीने पूर्वी एक वर्षाचा असलेला बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. वर्षाला किमान दोनशे कामाचे दिवस, दोन वर्षांत मिळून वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता, अभ्यासक्रमात ८० टक्के आणि आंतरवासितेत ९० टक्के हजेरी, अशा अटी तिने घातल्या. म्हणजे जवळजवळ चारशे दिवस एका माणसाने मुलांजवळ राहण्याचा अभ्यास करावा, अशी ही अपेक्षा. आंतरवासितेतील हजेरीची अट अधिक कडक ठेवली आहे, हे ध्यानात घ्यावे. पुस्तकाची उणीव घरी भरून काढता येते. मुलांची येत नाही.

मात्र चित्राची दुसरी बाजू लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चारशे दिवस नियमाने हजर राहूनही कोरडे बाहेर पडलेले छात्राध्यापक आम्हाला ठाऊक आहेत. कित्येक ठिकाणी मानसशास्त्राच्या नावाखाली व्याख्या घोकून घेतल्या जातात. पाठ टाचणे मागच्या वर्षीच्या वहीतून उतरविली जातात. ‘उद्दिष्टे’ आणि ‘स्पष्टीकरणे’ यांचे रकाने भरता भरता मूल नावाचा रकानाच राहून जातो. उलट बी.एड.चा उंबरठाही न ओलांडलेल्या काही धर्मभगिनींनी व जुन्या शिक्षकांनी पिढ्या घडविल्या, हेही खरे. परंतु यावरून प्रशिक्षण निरुपयोगी ठरत नाही. त्या जुन्या माणसांना कुणी शिकविलेच नाही, असे नाही. त्यांच्यावर एखाद्या करड्या मुख्याध्यापकाची वा अनुभवी मदरची वर्षानुवर्षे नजर होती. त्यांचे अध्यापक महाविद्यालय शाळेतच भरत होते. वाईट स्वयंपाकी मसाले वापरतात म्हणून मसाले टाकून द्यावेत, असे कुणी म्हणत नाही.

आता दुसऱ्या विधानाकडे वळू. नुकसान कुणाचे?

प्रशिक्षणार्थी शिक्षक जिवंत मुलांवर शिकतो, हे मुळातच नैतिकदृष्ट्या नाजूक प्रकरण आहे. सुतार लाकडावर हात बसवितो. लाकूड बिघडले, तर दुसरे आणता येते. सराव पाठासाठी ज्या मुलांचा तास घेतला जातो, त्यांना तो तास कुणी परत देत नाही. ती मुले नवख्या माणसाला आपल्या आयुष्यातील चाळीस मिनिटे उसनी देतात. हे उसने घेणे न्याय्य ठरते ते दोन अटींवर. घेणारा तयारी करून आलेला असावा, आणि त्याचे चुकले तर ते तेथल्या तेथे दुरुस्त करणारा अनुभवी माणूस वर्गात असावा. आता ज्याने दोन वर्षांची खोटी हजेरी लावून घेतली त्याचे पाहू. त्याने सराव पाठ दिले नाहीत असे वरवर वाटते. परंतु ते त्याला चुकणार नाहीत. ते तो नोकरी लागल्यावर देतो. त्याच्या पहिल्या पाच-दहा वर्षांतील प्रत्येक वर्ग हा त्याचा सराव पाठ असतो, आणि त्या वर्गात मागच्या बाकावर निरीक्षक बसलेला नसतो. मुले मात्र तीच, आणि त्यांच्या आयुष्यातील ते वर्षही एकदाच येणारे.

येथे वैद्याची उपमा पुन्हा उपयोगी पडते, आणि एका ठिकाणी ती तुटते. पदवी विकत घेतलेल्या डॉक्टरकडे आपल्यापैकी कुणी आपले लेकरू नेणार नाही. कारण स्पष्ट आहे. चुकीच्या औषधाने ताप वाढतो, रोगी कण्हतो, नातेवाईक धावतात, फिर्याद होते. अन्यायाला तोंड फुटते. वर्गात तसे होत नाही. ज्याला अपूर्णांक कुणी समजावून दिले नाहीत ते मूल, ‘मला चुकीचे शिकविले,’ असे म्हणत नाही. ते म्हणते, ‘मला गणित येत नाही.’ थोड्या दिवसांनी म्हणते, ‘मी ढ आहे.’ आईवडीलही त्यालाच बोलतात. शिकवणी लावतात, प्रसंगी मारतात. शिक्षकाच्या अपुरेपणाचे ओझे मूल मुकाट्याने आपल्या खांद्यावर घेते आणि आयुष्यभर वाहते. बँकेत, दुकानात, तिकिटाच्या खिडकीशी आकडा पाहिला की गांगरणारी किती प्रौढ माणसे आपल्या आसपास आहेत! त्यांतील कित्येकांना आपली ही अवस्था जन्मजात वाटते. ती त्यांच्यावर कुणी ओढवली असेल, ही शंकाही त्यांना शिवत नाही.

तेव्हा ‘कुणाचे नुकसान झाले?’ या प्रश्नाचे उत्तर असे की, ज्याचे झाले त्याला ते कळलेले नाही. फिर्यादी नाही म्हणून गुन्हा नाही, असे न्यायालयात कदाचित चालेल. सदसद्विवेकबुद्धीपुढे ते चालत नाही. सातवी आज्ञा चोरी करू नको असे सांगते, तेव्हा मालक जागा असताना केलेली चोरी आणि झोपेत असताना केलेली चोरी असा भेद ती करीत नाही. शिकविणाऱ्यांचा न्याय अधिक कठोरपणे होईल, असा इशारा याकोबाच्या पत्रात दिला आहे, त्याचे मर्म हेच असावे. एक शिक्षक वर्षाला चाळीस मुले या हिशेबाने तीस वर्षांत बाराशे मुलांसमोर उभा राहतो. त्या बाराशेंपैकी कित्येक मुले त्या खोट्या सहीच्या दिवशी जन्मालाही आलेली नव्हती. देणे मात्र त्याच दिवशी सुरू झाले.

हा एका-दोघांचा दोष असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने २०१२ साली अध्यापक शिक्षणाविषयीचा आपला अहवाल दिला. त्या आयोगाची नेमणूकच मुळी आपल्या महाराष्ट्रातील डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातून झाली होती. त्या आयोगाचा हवाला देऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जे नमूद केले आहे ते शरमेने मान खाली घालायला लावणारे आहे. देशात एकट्याने चालणाऱ्या अध्यापक शिक्षण संस्था दहा हजारांहून अधिक, आणि त्यांतील बहुसंख्य संस्था गंभीरपणे शिक्षक घडविण्याचा प्रयत्नही करीत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात, असा त्याचा आशय आहे. पुढे शिक्षक पात्रता परीक्षेच्या गैरव्यवहारात महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेला २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई करावी लागली. पदवीची खोटी हजेरी पचली की परीक्षेचे खोटे गुण पचायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या बाजूने, प्रशिक्षण हा नुसता सोपस्कार नव्हे, हे आता न्यायासनानेही बजावले आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकविण्यास बी.एड. पदवी पुरेशी नाही, त्या वयाच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षणाचेच प्रशिक्षण हवे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. बी.एड. झालेल्या अनेक तरुणांना तो जाचक वाटला, हे आम्ही जाणतो. परंतु त्यामागचा विचार साधा आहे. सहा वर्षांच्या मुलाला शिकविणे हे चौदा वर्षांच्या मुलाला शिकविण्याहून वेगळे शास्त्र आहे. मोठ्या पदवीने लहान मूल आपोआप कळत नाही.

परिस्थितीचा रेटा आम्हाला दिसत नाही असे कुणी समजू नये. दोन वर्षे घरी बसून शिकणे प्रत्येकाला परवडत नाही. वडील अंथरुणाला खिळलेले असतात, बहिणीचे लग्न असते, स्वतःचे तान्हे मूल असते. नोकरी लागल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढायची. २०२३ साली मानधन वाढविले गेले, तेव्हा कुठे ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपयांवर आले. त्यापूर्वी ते ६,००० आणि ८,००० होते. विनाअनुदानित शाळांतील स्थिती याहून बिकट. इतक्या अल्प मोबदल्यासाठी चारशे दिवस का झिजवावेत, हा विचार मनात येणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. परंतु अडचणीला प्रामाणिक वाटाही असतात. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सेवेतील शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी.एड. चालवीत आले आहे. तेथे जितकी उपस्थिती मागितली जाते तितकी उघडपणे मागितली जाते, आणि शिकणारा आधीच मुलांमध्ये असतो. त्यात खोटी सही नाही. अडचण आणि असत्य यांत जो फरक आहे तो येथे स्पष्ट दिसतो.

दोषाची वाटणीही न्यायाने झाली पाहिजे. सही विकत घेणाऱ्या तरुणाआधी ती विकणारी संस्था दोषी आहे. तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करणारे विद्यापीठ दोषी आहे. आणि त्यानंतर आपण सारे येतो. मुलाला ‘सोयीचे’ महाविद्यालय शोधून देणारा बाप येतो. मुलाखतीत कागद तपासून उमेदवाराला एक तासही शिकवायला न लावणारे शाळेचे व्यवस्थापन येते, मग ते ख्रिस्तसभेच्या शाळेचे असले तरी येते. आमच्या मते प्रत्येक नेमणुकीपूर्वी उमेदवाराला एका खऱ्या वर्गावर दोन दिवस शिकवू द्यावे, आणि त्यानंतर मुलांच्या वह्या उघडून पाहाव्यात. पदवीपत्रात जे दिसत नाही ते त्या वह्यांत दिसेल. वर्तणुकीच्या दाखल्याविषयी आमच्यापुरते आम्ही ठरविले आहे. जेथे हजेरी विकली जाते अशा ठिकाणी जाण्यासाठी वर्तणूक चांगली असल्याचा दाखला देणे आम्हाला शक्य नाही. तोच दाखला त्या क्षणी खोटा ठरतो.

शेवटी एका नाजूक गोष्टीला हात घातला पाहिजे. हा लेख वाचणाऱ्यांत असे काही शिक्षक असतील, ज्यांनी आपली पदवी याच मार्गाने मिळविली आहे. आज ते नोकरीत आहेत, त्यांचा संसार त्या पगारावर उभा आहे. त्यांनी काय करावे? चोरीच्या पापाबाबत ख्रिस्तसभेची शिकवण अशी की, नुसता पश्चात्ताप पुरत नाही, घेतलेले परत केले पाहिजे. पण येथे परत कुणाला करणार? जी मुले वर्गातून निघून गेली त्यांचे पत्ते कुणाजवळ नाहीत. त्यांचे ते वर्षही परत आणता येत नाही.

आमचे उत्तर असे आहे : समोर बसलेल्या मुलांना परत करावे. जे शिक्षण तेव्हा घेतले नाही ते आज घ्यावे, मग त्यासाठी कुणी प्रमाणपत्र देवो वा न देवो. शाळेतील जाणत्या सहकाऱ्याला विनंती करावी, “बाई, आठवड्यातून एकदा माझ्या वर्गात मागे बसा आणि माझे काय चुकते ते सांगा.” वयाने व हुद्द्याने मोठ्या झालेल्या माणसाला हे म्हणणे जड जाते. प्रायश्चित्त नेहमी जडच असते. तपासलेल्या वह्या पुन्हा एकदा उघडाव्यात आणि लाल रेघेखाली मुलाने काय विचार केला होता, ते शोधावे. आणि वर्गात असे एखादे मूल असतेच, जे वर्षभरात स्वतःहून काही विचारीत नाही, ज्याला सर्वांनी आणि त्याने स्वतःनेही ढ ठरवून टाकले आहे. उद्याच्या तासाला त्याच्या बाकाशेजारी जाऊन बसावे, हळू आवाजात विचारावे, “तू हे कसे केलेस, मला सांग बरे,” आणि ते बोलू लागेपर्यंत थांबावे.